गाणं आमचं, चहा तुमचा

दोन गाण्यांच्या मधे पाच-सात सेकंदांची जी जागा असते, तिथलं लिहिणं हे गेली बरीच वर्षं माझं काम आहे. मराठी गाणी वाजवणाऱ्या एका इंटरनेट रेडिओसाठी मी जिंगल्स, स्वीपर्स, लायनर्स, कार्यक्रमांचे प्रोमो आणि जाहिरातदारांच्या ओळी लिहिते. बाहेरच्यांना हे सगळं सारखंच वाटतं, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. जिंगलला चाल असते, ती गायली जाते. स्वीपर म्हणजे एक गाणं संपून दुसरं सुरू होताना मधून झरकन जाणारा आवाज. त्यात स्टेशनचं नाव आणि फार तर एखादी ओळ. लायनर निवेदक स्वतःच्या तोंडाने म्हणतो. प्रोमोला कार्यक्रमाची माहिती द्यायची असते, म्हणून त्याला अर्धा मिनिट मिळतो.

या कामातून जे शिकले त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं आधीच सांगते. पहिल्यांदा ऐकताना चटकदार वाटेल अशी ओळ थोड्या सरावाने कुणालाही लिहिता येते. पन्नासाव्यांदा ऐकतानाही नकोशी होणार नाही अशी ओळ लिहायला मात्र वर्षं जातात. ऑफिसात हेडफोन लावून दिवसभर स्टेशन ऐकणाऱ्याच्या कानावर एकच स्वीपर वीस-तीस वेळा पडतो. ऐकणाऱ्याचे कान म्हणजे दुसऱ्याचं घर आहे, आणि त्या घरी आपण दिवसातून इतक्यांदा जाणार आहोत. कसं जायचं, हे ठरवणं म्हणजेच ओळ लिहिणं.

मी आले ती वर्तमानपत्री जाहिरातींतून. तिथे वाचणाऱ्याचे डोळे नको ते ओलांडून पुढे जातात. कानाला ती सोय नाही. रेडिओवर ऐकणाऱ्याकडे दोनच उपाय असतात, सहन करणं किंवा बंद करणं. एफएमवर निदान कुणाला तरी उठून बटण फिरवावं लागे. इंटरनेट रेडिओ तर अंगठ्याच्या एका हालचालीने बंद होतो, आणि त्याच पडद्यावर हवं ते गाणं देणारी दहा ॲप्स वाट बघत असतात. गाणी आम्ही वाजवतो, पण ती आमची नसतात. ती सगळीकडे मिळतात. स्टेशनचं स्वतःचं असं जे काही असतं, ते गाण्यांच्या मधल्या जागेत असतं.

लहानपणी कानावर पडलेलं बरंच काही या कामात उपयोगी आलं. वासुदेव, बोहारीण, कल्हईवाला यांच्या हाकांना चाल होती आणि त्या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचत. शेवटचा स्वर लांबवायचा आणि मधले शब्द पटकन उरकायचे, ही त्यांची रीत मी पुढे जिंगलमध्ये वापरली. दुसरी शाळा विविध भारतीची. 1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. आमच्या आधीच्या पिढीला त्यातल्या कितीतरी जाहिराती आजही चालीसकट येतात. वस्तू बाजारातून गेली, कंपनी बंद पडली, तरी चाल राहिली. चाल हा शब्दांना लावायचा दागिना आहे असं मी आधी समजत होते. खरं तर शब्द विसरले जातात तेव्हा चालच ते आठवून देते.

शब्दांवाचूनही स्टेशन ओळखता येतं, हे आकाशवाणीच्या संकेतधुनीने शिकवलं. ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. ते 1934 साली युरोपातून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. त्या धुनीत एकही शब्द नाही, नाव नाही, वचन नाही, तरी पहाटे ती लागली की घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे की हा रेडिओ आहे आणि आता दिवस सुरू होतोय. याच्या उलट टोकाला अमेरिकेतली पद्धत. डॅलसमधल्या पॅम्ससारख्या कंपन्यांनी 1950च्या दशकापासून स्टेशनांची नावं समूहस्वरांत गाऊन देण्याचा व्यवसायच उभा केला. तिथे कोण काय ऐकतं हे लोकांनी वहीत लिहिलेल्या नोंदींवरून मोजत, त्यामुळे नाव डोक्यात बसवणं हा पोटापाण्याचा प्रश्न होता. भारतात खासगी एफएम 2001 साली आलं, तेव्हा ही नाव गाऊन ठसवण्याची पद्धत इथेही रुळली. इंटरनेट रेडिओकडे ती एफएममार्फत आली. आमच्या संचालकांचीही पहिली मागणी तीच होती, प्रत्येक ओळीत नाव हवं.

पण एफएम केंद्राचं निम्मं नाव म्हणजे त्याचा आकडा. तो एकदा तालात बसला की काम झालं. आमच्याकडे आकडा नव्हता, संकेतस्थळाचा पत्ता होता. ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू डॉट’ एवढं म्हणतानाच सेकंद संपत. त्यात मराठी नाव रोमन अक्षरांत लिहायचं, मग एक ‘ए’ की दोन ‘ए’ हा प्रश्न. पत्ता गाऊन दाखवण्याचे आम्ही सगळे प्रकार केले. शेवटी तंत्र सांभाळणाऱ्या मुलाने लोक ज्या ज्या तऱ्हेने नाव टाइप करतात ते सगळे पत्ते आमच्याकडे वळवून घेतले, आणि जिंगलमधून पत्ता कायमचा गेला. जो ऐकतोय तो आधीच आलेला आहे, त्याला पत्ता कशाला सांगायचा?

त्याहून मोठा प्रश्न वेळेचा होता. रेडिओची सगळी भाषा घड्याळावर उभी आहे. शुभ सकाळ, दुपारची विश्रांती, निवांत रात्र. पण पुण्यात सकाळचे सात वाजलेले असतात, तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ, लंडनमध्ये पहाटेचे अडीच आणि सिडनीत दुपार व्हायला आलेली असते. शिवाय इंटरनेटवर आवाज फोनपर्यंत पोचायच्या आधी थोडा साठवला जातो, त्यामुळे ऐकणारा वीस-तीस सेकंद मागे असतो. म्हणजे ‘आत्ता बरोबर नऊ वाजलेत’ हे वाक्य कुणासाठीच खरं नसतं. परदेशात रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सने लिहिलं होतं, ‘‘ताई, तुमची प्रसन्न सकाळ आली की मला आठवतं, अजून सगळी रात्र काढायचीय.’’

त्या पत्रानंतर आम्ही ओळींतून घड्याळ काढलं. मग काय उरतं, हा शोध माझ्यासाठी फार मोलाचा होता. माणूस कुठल्याही देशात असो, काहीतरी करत असतो. भांडी घासतो, गाडी चालवतो, हिशेब जुळवतो, मुलाला झोपवतो. मग ओळी त्या कामांकडे वळल्या. ‘काम चालू द्या, गाणं आहेच’ ही त्या काळातली. ‘बसा, गाणं आलंच’ ही दुसरी, ती अजून वाजते. दोन्हीत स्टेशनची काही थोरवी नाही, पण दारात आलेल्या माणसाशी आपण जसं बोलतो तसं बोलणं आहे.

मी ऋतूही काढून टाकणार होते. जूनमधल्या पहिल्या पावसावरचा एक लायनर होता. आखातात चाळीस-पंचेचाळीस अंशांत राहणाऱ्यांना तो कशाला ऐकवायचा, असं मला वाटलं. तो बंद झाल्यावर चौकशी आखातातूनच आली. एका गृहस्थांनी कळवलं, ‘‘तो लावत जा. इथे पाऊस तुमच्याकडूनच येतो.’’ तेव्हापासून मी घड्याळ आणि ऋतू यांत फरक करते. दुसऱ्याच्या सकाळी सातची आठवण कुणाला येत नाही. आषाढातल्या पावसाची, गणपतीतल्या आरतीची, आंब्याच्या पेटीची येते. ऐकणाऱ्याकडे जे नाही ते त्याला खुपतं की हवंहवंसं वाटतं, याचा अंदाज ओळ लिहिण्याआधी घ्यावा लागतो.

आता एक ओळ जरा जवळून दाखवते. ‘चहा तुमचा, गाणं आमचं’ अशी ओळ मला सुचली. चहा कुठल्याही देशात, कुठल्याही वेळी चालतो. लिहिताना दोन्ही भागांत पाच-पाच अक्षरं, पण म्हणताना ‘तुम-चा’, ‘आम-चं’ असं होऊन चार-चार ठोके पडतात. ओवीच्या, भोंडल्याच्या गाण्यांवर वाढलेल्या कानाला हा तोल आपोआप कळतो. ओळ सगळ्यांना आवडली. चाल बांधणाऱ्या संगीतकाराने मात्र पेटीवर बोट ठेवून ती चार वेळा म्हणून पाहिली आणि विचारलं, ‘‘शेवटी मी थांबू कुठे? ‘आमचं’वर स्वर धरताच येत नाही.’’ खरंच होतं. शेवटचा ‘चं’ तोंडातल्या तोंडात मिटतो. ‘गाणे आमचे’ केलं तर ‘ए’वर स्वर लांबवता येतो, आपल्या भावगीतांत म्हणूनच तशी रूपं सारखी भेटतात. पण चहाच्या शेजारी ‘गाणे आमचे’ म्हटलं की घरातलं माणूस एकदम व्यासपीठावर चढल्यासारखं वाटतं. दोन दिवस आम्ही दुसरे शब्द शोधत होतो. मग गायिकेने ओळ सहज उलटी म्हटली, ‘गाणं आमचं, चहा तुमचा’. शेवटी ‘आ’ आला, स्वराला हवा तेवढा पैस मिळाला, आणि ऐकणाऱ्याचा चहा शेवटी आल्यामुळे ओळ त्याच्यापाशी जाऊन थांबली. एकही शब्द न बदलता ओळ पूर्ण झाली. तेव्हापासून मी ओळ लिहिली की आधी शेवटचा स्वर पाहते.

कागदावर देखणी दिसणारी ओळ हवेत कशी पोचते, हेही हळूहळू कळत गेलं. ‘स’ आणि ‘श’ यांचा अनुप्रास मराठीत फार मोह घालतो. सूर, संगीत, साथ, सोबत, सारी अक्षरं हाताशीच असतात. पण खेड्यापाड्यांत, जिथे नेट रांगतं, तिथल्या लोकांसाठी आमची एक हलकी स्ट्रीम असते. डेटा वाचवायचा म्हणून त्यात आवाज बराच दाबलेला असतो, आणि दाबलेल्या आवाजात ‘स’, ‘श’ यांची चाळणीतून वाळू पडावी तशी फसफस होते. माइकजवळ ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात ते वेगळंच. म्हणून नवीन ओळ आम्ही स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर पास करत नाही. हलक्या स्ट्रीमवर टाकून स्वस्तातल्या फोनवर, तोही ओट्यावर ठेवून, कुकरच्या शिट्टीत ऐकतो. तिथे शब्द कळला तर तो कळला.

ऐकणारे किती आहेत, हे इंटरनेट रेडिओवर त्या क्षणी दिसतं. 1990च्या दशकाच्या अखेरीस शाउटकास्टसारखी सॉफ्टवेअर आली, तेव्हापासून सर्व्हरला एका वेळी किती जण जोडलेले आहेत हा आकडा स्टेशनवाल्यांच्या समोर असतो. मी तो पाहायला शिकले. चाळीस सेकंदांचा एखादा प्रोमो लागला की आलेख हलकेच खाली झुकायचा. तीच माहिती अठरा सेकंदांत दिली की झुकायचा नाही. माझ्या लिखाणातली निम्मी विशेषणं या आलेखाने उडवली. तरी त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये, असं मी नव्यांना सांगते. कुणी लिफ्टमध्ये शिरतं, कुणाची एसटी घाटात जाते, कुणाला साहेब हाक मारतात. आकडा उतरला एवढं आलेख सांगतो, कशामुळे उतरला ते माणसांना विचारूनच कळतं.

जाहिरातदारांबरोबरचं काम वेगळं. मराठीत दहा सेकंदांत, श्वास घेत बोललं तर, वीसेक शब्द बसतात. मसाले करणाऱ्या एका घरगुती उद्योगाच्या मालकांना त्यात उद्योगाचं नाव, चार प्रकारचे मसाले, दोन दुकानांचे पत्ते, फोन नंबर, कुरिअरची सोय आणि दिवाळीच्या शुभेच्छा हव्या होत्या. त्यांचा पैसा कष्टाचा होता, म्हणून प्रत्येक सेकंदाचं मोल त्यांना वसूल करायचं होतं, आणि ते मला पूर्ण मान्य होतं. मी वाद घातला नाही. विचारलं, ‘‘दादा, एकदा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येतं तेव्हा काय म्हणतं?’’ ते जरा थांबून म्हणाले, ‘‘बायका सांगतात, डबा उघडला की शेजारीण विचारते.’’ ओळ तिथेच मिळाली. ‘डबा उघडा, शेजारीण विचारेल.’ पुढे फक्त मसाल्याचं नाव. बाकीची माहिती ॲपच्या पडद्यावर गेली, कारण इंटरनेट रेडिओला पडदा असतो आणि फोन नंबर डोळ्यांनी वाचायची गोष्ट आहे. चांगली घोषणा बहुतेक वेळा कुणाच्या तरी तोंडी आधीपासून असते. आपण योग्य प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. मालकाहून जास्त उपयोगी उत्तरं गल्ल्यावर बसणारी मुलगी किंवा माल पोचवणारा माणूस देतो, असा माझा अनुभव आहे.

सगळ्या ओळी पुण्याच्या बोलीत का, हा प्रश्नही श्रोत्यांनीच विचारला. त्यावर मी कोश उघडून मालवणी किंवा वऱ्हाडी लिहायला बसले नाही. ज्यांची बोली त्यांनाच बोलावलं. ‘बसा, गाणं आलंच’ ही ओळ सांगून म्हटलं, तुमच्या घरी हे कसं म्हणतील? कुडाळच्या आजींनी ‘येवा, बसा’ म्हणून सुरुवात केली, आणि त्या पुढे जे बोलल्या त्यात माझ्या ओळीतला एकही शब्द उरला नव्हता. अमरावतीच्या एका शिक्षकांनी ‘बसा ना जी’ इतक्या आर्जवाने म्हटलं की आम्ही मागचं संगीतच काढून टाकलं. या ओळी मी लिहिलेल्या नाहीत, तरी मी केलेल्या कामात त्या मला सगळ्यांत चांगल्या वाटतात. आपली ओळ दुसऱ्याच्या तोंडी देऊन बाजूला होणं हाही लिहिण्याचाच भाग आहे.

आणि मग 2020 आलं. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. स्टुडिओ बंद झाला. आवाज देणारे कलाकार घरी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, पंखा बंद करून, अंगावर गोधडी घेऊन रेकॉर्ड करत होते. पहिल्या आठवड्यात रोजच्या ओळी रोजच्यासारख्या वाजल्या, आणि ऐकताना अंगावर काटा आला. ‘मजा’, ‘धमाल’, ‘जल्लोष’ हे शब्द ज्या घरांत जात होते, तिथे कुणी आजारी होतं, कुणाची नोकरी गेली होती, कुणाला परदेशातून आईच्या अंत्यदर्शनाला येता येत नव्हतं. एका संध्याकाळी बसून आम्ही उड्या मारणारे सगळे स्वीपर्स काढून टाकले. जागा रिकामी राहिली. तिथे काय घालायचं, यावर फोनवर खूप बोलणं झालं. काळजी घ्या, धीर धरा, हात धुवा, हे सगळीकडून सांगितलं जात होतं. आम्ही डॉक्टर नव्हतो, सरकार नव्हतो. आम्हाला खरेपणाने म्हणता येईल असं काय होतं? ‘आम्ही इथंच आहोत.’ एवढंच. ते आम्ही संगीताशिवाय, एका बाईच्या साध्या आवाजात रेकॉर्ड केलं आणि त्यात स्टेशनचं नावही घातलं नाही. प्रत्येक ओळीत नाव हवं, असं पहिल्या दिवशी म्हणालेल्या संचालकांनीच ते नको म्हटलं.

त्या ओळीला जेवढी पत्रं आली, तेवढी माझ्या कुठल्याच यमकाला कधी आली नाहीत. सांगलीहून एकाने लिहिलं, आई विलगीकरणात आहे, रात्रभर फोन उशाशी चालू ठेवते, मधे मधे तो आवाज आला की तिला बरं वाटतं. नाव नसतानाही कुणालाच प्रश्न पडला नाही की हे स्टेशन कोणतं. शब्दांवाचून आकाशवाणीची धून जे करायची, ते थोड्या प्रमाणात या तीन शब्दांकडून झालं. नाव सारखं सांगितल्याने ओळख होते, हे खरं. पण एकदा झालेली ओळख टिकते ती आपण अडचणीच्या दिवशी कसे बोललो त्यावर. त्यानंतर नेहमीचे दिवस आले, उड्या मारणारे स्वीपर्सही परत आले, कारण आनंदालाही आवाज लागतो. पण काही ओळी आम्ही नावाशिवायच ठेवल्या आहेत.

आता यमकं जुळवून देणारी यंत्रं हाताशी आहेत आणि नवीन मुलं-मुली मिनिटाला दहा ओळी काढून आणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. दहांतून एक निवडायची वेळ येते, तेव्हा मी त्यांना विचारते, ही ओळ कुणाच्या दिवसात जाणार आहे? तो त्या वेळी काय करत असेल? ओळीतलं खरं किती आहे? उद्या काही वाईट घडलं तर ती वाजवता येईल का? मग निवडलेली ओळ मी त्यांना स्वतःच्या घरी दिवसभर, दर तीन गाण्यांनंतर वाजवायला सांगते आणि संध्याकाळी घरच्यांशी बोलायला लावते. घरच्यांना ओळ पाठ झालेली असतेच असं नाही. ‘कुठली ओळ?’ असं विचारलं गेलं तरी मुलांनी खट्टू होऊ नये. एवढंच पाहावं, की पुढचं गाणं सुरू होईपर्यंत ते माणूस रेडिओपाशी थांबलं का. थांबलं असेल, तर ओळीने तिचं काम चोख केलं.